२८ जून १९७५. मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त निधनवार्तांच्या रांगेत एक चिमुकली सूचना छापून आली. डी. ई. एम. ओ'क्रसी हे २६ जून रोजी निधन पावले. टी. रूथ यांचे प्रिय पती, एल. आय. बर्टी यांचे प्रेमळ वडील, फेथ, होप आणि जस्टिशिया यांचे बंधू. डिसूझा, डिमेलो, डिकोस्टा या आडनावांची सवय असलेल्या मुंबईत वरवर पान चाळणाऱ्याला वाटावं, गेलं असेल वांद्र्याचं कुणीतरी.

आता तीच नावं मोठ्याने, न थांबता म्हणून पाहा. डेमोक्रसी. ट्रूथ. लिबर्टी. श्रद्धा, आशा आणि न्याय या भावंडांना मागे ठेवून सत्याचा नवरा आणि स्वातंत्र्याचा बाप गेला होता. २५ जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, आणि तिसऱ्याच दिवशी लोकशाहीची निधनवार्ता सेन्सॉरच्या नाकावर टिच्चून छापली गेली. ती दिली होती अशोक महादेवन या पत्रकाराने. त्यासाठी ना अग्रलेख लागला, ना पहिलं पान. पैसे भरून कुणालाही मिळते अशी दोन बोटं जागा पुरली.

वाचकाला आपल्याकडे वाचण्यापुरतं धरतात. मला तसं कधीच वाटलं नाही. 'लोकसत्ता'तलं 'लोकमानस' आणि 'महाराष्ट्र टाइम्स'मधलं 'बहुतांची अंतरे' ही वाचकांच्या पत्रांची सदरं आधी उघडून मग बातम्यांकडे वळणाऱ्यांपैकी मी आहे. सरकार चुकतंय हे पोटतिडकीने सांगणारा माणूस तिथे भेटतो, आणि त्याच्या हाती ना पद असतं ना माइक. या माणसाचं गणगोत फार मोठं आहे. त्यातले काही भन्नाट नातेवाईक आज भेटवते.

बोलका दगड

रोममध्ये पियाझ्झा नवोनाच्या मागे एका कोपऱ्यावर हात तुटलेला, नाक झिजलेला एक पुतळा आहे. नाव पास्क्विनो. १५०१ मध्ये कार्डिनल ओलिव्हिएरो काराफा यांनी तो तिथे बसवला. सुरुवातीला सणाच्या दिवशी त्याच्यावर लॅटिन कविता चिकटवत. हळूहळू रात्रीच्या अंधारात कुणी पोपवर टोमणे चिकटवू लागलं आणि सकाळी सगळं रोम ते वाचायला जमू लागलं. पुतळ्याला अटक कशी करणार? मार्फोरिओ नावाच्या दुसऱ्या पुतळ्यावर प्रश्न चिकटवायचा आणि उत्तर पास्क्विनोने द्यायचं, अशी जुगलबंदीही चाले. पोप आठवे अर्बन यांनी प्राचीन पँथिऑनच्या द्वारमंडपातलं कांस्य काढून वितळवलं. तेव्हा त्यांच्या बार्बेरिनी या घराण्याच्या नावाशी 'बार्बर' म्हणजे रानटी टोळ्यांचं यमक जुळवून रोमकरांनी असा चिमटा काढला, की रानटी टोळ्यांनी जी लूट केली नाही ती या घराण्याने केली, हे चारशे वर्षांनंतरही लोक विसरलेले नाहीत. पास्क्विनोपाशी आजही कागद लागतात.

टोपणनावाचा धाक

लंडनच्या 'पब्लिक ॲडव्हर्टायझर'मध्ये १७६९ पासून तीन वर्षं एक वाचक पत्रं पाठवत होता. सही एकच, 'ज्युनिअस'. मंत्र्यांची नावं घेऊन तो त्यांची सालटी काढायचा. १९ डिसेंबर १७६९ ला तर त्याने थेट राजे तिसरे जॉर्ज यांनाच उद्देशून पत्र लिहिलं. लेखक सापडेना, म्हणून मुद्रक हेन्री वुडफॉल यांना कोर्टात उभं केलं. ज्युरीने निकाल दिला, 'फक्त छापल्याबद्दल आणि प्रसिद्ध केल्याबद्दल दोषी.' या एका 'फक्त'मुळे सरकारच्या हाती काहीच लागलं नाही, कारण राजद्रोहाचा हेतू होता असं ज्युरीने म्हटलंच नव्हतं. एक शब्द, आणि मुद्रक वाचला.

ज्युनिअस कोण याचा शोध दोन शतकं चालला. १९६२ मध्ये आल्वार एलेगॉर्ड या स्वीडिश भाषातज्ज्ञाने त्याच्या आवडत्या शब्दांची आणि लकबींची मोजदाद केली आणि बोट ठेवलं फिलिप फ्रान्सिस यांच्यावर. हे तेच फ्रान्सिस, जे १७७४ मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलवर आले आणि ज्यांनी १७८० मध्ये अलीपूरला वॉरन हेस्टिंग्जशी पिस्तुलांचं द्वंद्व खेळलं. त्यात ते जखमी झाले, पण बचावले. बऱ्याच अभ्यासकांचा कौल आज त्यांच्याकडे आहे. खुद्द त्यांनी मात्र शेवटपर्यंत कबुली दिली नाही.

मुंबईचा 'एक हिंदू'

१८४१. मुंबईत इंग्रज सत्ता ऐन भरात. 'बॉम्बे गॅझेट' या इंग्रजी पत्रात 'ए हिंदू' अशा सहीने एका वाचकाची आठ पत्रं येतात. इंग्रजी अस्खलित, मजकूर जळजळीत. तुमच्या राज्याचे उपकार आम्ही मानावेत म्हणता, पण तुमचा व्यापार आणि तुमचा कारभार आमची संपत्ती शोषून समुद्रापार नेतो आहे, हे त्याचं म्हणणं. पेंढाऱ्यांची लूट लोकांनी पाहिलेली होती. तुमच्या राज्यातली ही संथ गळती त्याहून वाईट, असा त्याचा हिशोब होता.

हा वाचक होता भास्कर पांडुरंग तर्खडकर, वय अवघं पंचविशीचं. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग त्यांचे थोरले भाऊ, आणि पुढे प्रार्थना समाज उभा करणारे डॉ. आत्माराम पांडुरंग धाकटे. दादाभाई नौरोजींनी लंडनमध्ये भारताच्या संपत्तीच्या वहनाचा सिद्धांत मांडायला सुरुवात केली १८६७ मध्ये. म्हणजे २६ वर्षं आधी गिरगाव-ठाकूरद्वाराच्या मुंबईतल्या एका तरुणाने तीच नस पकडली होती, तीही वाचकांच्या पत्रव्यवहारात! शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात हे नाव ठळक अक्षरांत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

त्याच शहरात भाऊ महाजनांचं 'प्रभाकर' साप्ताहिक निघत होतं. १८४८ मध्ये त्यात 'लोकहितवादी' या सहीने पत्रं येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत, त्यामुळे खरं नाव झाकलेलं. आपल्याकडे यांना 'शतपत्रे' म्हणतात, पण पत्रं भरली १०८. भटशाहीवर, आळसावर, बायकांच्या हालांवर त्यांनी कोरडे ओढलेच, आणि हिंदुस्थानला स्वतःचं पार्लमेंट असावं हा विचारही त्याच पत्रांतून मांडला. त्या वेळी १८५७ उजाडायचं होतं आणि काँग्रेसची स्थापना जवळजवळ चार दशकं दूर होती.

पाटी-पेन्सिल हातात असलेली मुक्ता

'ज्ञानोदय' हे मिशनऱ्यांचं पत्र. १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये त्यात एक निबंध दोन भागांत आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. लेखिका मुक्ता साळवे, पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुलगी. पेशवाईत आपल्या माणसांवर काय काय बेतलं ते तिने लिहिलं. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बाया लिहिल्या. आणि विचारलं, की वेद वाचायचा अधिकारच नाही तर आमचा धर्म कोणता ते तरी सांगा. लेखणी धरून फार तर दोन-तीन वर्षं झाली होती या मुलीला.

मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत बसले होते. नाव झाकायची सोय मोठमोठ्या विद्वानांनी केली. हिने केली नाही.

लेखापेक्षा उत्तर मोठं

१८८१ मध्ये सुरतच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली (पुढे ती कमी झाली). या निमित्ताने 'पुणे वैभव' या सनातनी पत्राने साऱ्या स्त्रीजातीवरच तोंडसुख घेतलं. ते बुलढाण्यात एका बाईने वाचलं. ताराबाई शिंदे. त्यांना इतका संताप आला की उत्तर पत्रात मावेना, आणि १८८२ मध्ये त्याचं पुस्तक झालं, 'स्त्री-पुरुष तुलना'. भारतातल्या पहिल्या स्त्रीवादी ग्रंथांत त्याचं नाव घेतात. सुरुवात काय, तर पेपरात आलेल्या मजकुराचा एका वाचकाला आलेला राग! बाकीच्यांनी नाकं मुरडली, जोतिराव फुले मात्र 'सत्सार'मधून ताराबाईंच्या पाठीशी उभे राहिले.

तीन वर्षांनी, २६ जून १८८५ ला, 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविरुद्ध एक पत्र आलं. सही 'ए हिंदू लेडी'. सप्टेंबरात दुसरं, सक्तीच्या वैधव्यावर. मुंबईत कुजबुज सुरू झाली, ही बाई कोण? ती होती विशीतली रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, सासरी नांदायला गेलेली नाही, आणि ताबा मागणाऱ्या नवऱ्याचा खटला त्याच वेळी मुंबई हायकोर्टात चालू. १८८७ मध्ये कोर्टाने फर्मावलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने सांगितलं, तुरुंगात जाईन. अखेर १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी हयात काढली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याआधी जो वाद पेटला, त्याला या दोन पत्रांनी आणि एका खटल्याने चांगलंच सरपण पुरवलं होतं.

या वादात टिळकांचा 'केसरी' रखमाबाईंच्या विरोधात होता, हेही सांगायला हवं. इंग्रज सरकारशी निर्भयपणे भांडणारं पत्र घरातल्या बाईच्या बाजूने उभं राहीलच असं नाही. म्हणून वाचकांची जागा कुठल्याही एका पत्रापुरती, एका बाजूपुरती असून चालत नाही.

पाव आण्यात बंड

१ जुलै १८७९ ला भारतात पोस्टकार्ड आलं. किंमत पाव आणा. दीड वर्षाने, जानेवारी १८८१ मध्ये, 'केसरी' सुरू झाला. गावोगावच्या शाळामास्तरांना आणि शेतकऱ्यांना संपादकाला चार ओळी लिहिणं आता खिशाला परवडणारं झालं होतं. शिवाय कार्ड उघडं. म्हणजे संपादकाआधी ते पोस्टमन वाचणार, आणि त्याच्या मागून अर्धी आळी.

या उघड्या कार्डाचा सगळ्यात धाडसी उपयोग केला बर्लिनमधल्या एका कामगार जोडप्याने. ओटो आणि एलिझे हाम्पेल. १९४० मध्ये एलिझेचा भाऊ लढाईत मेला आणि दोघांनी लिहायला सुरुवात केली. हिटलरविरुद्ध दोनशेहून अधिक कार्डं, वळणदार नसलेल्या अक्षरात, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, इमारतींच्या जिन्यांवर ठेवून दिलेली. ज्यांना सापडली ते घाबरले आणि जवळपास सगळी कार्डं गेस्टापोकडे जमा झाली. पोलिसांना आधी वाटलं, यामागे एखादी टोळी असेल. दोघंच होती. एप्रिल १९४३ मध्ये दोघांना मृत्युदंड दिला गेला. हान्स फालाडा यांनी त्यांच्या फाइलवरून कादंबरी लिहिली आणि ती जगभर गेली.

भवानीची खूण

१५ जून १८९७ च्या 'केसरी'त एक कविता आली. शिवाजी महाराज परत येऊन देशाची दशा पाहतात, अशी कल्पना. खाली माणसाचं नाव नव्हतं, भवानी तलवारीची खूण होती. आठवड्याने, २२ जूनला, पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि सरकारने ती कविता उचलून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. इंग्रजी कायद्यातला शब्द होता 'डिसअफेक्शन', म्हणजे अप्रीती. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी त्याचा अर्थ ज्युरीला समजावला, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर नुसतं प्रेम नसणं हासुद्धा गुन्हा! ज्युरीत नऊ जण. सहा युरोपियनांनी दोषी ठरवलं, तिघा भारतीयांनी निर्दोष. अठरा महिने सक्तमजुरी झाली. टोपणनाव लिहिणाऱ्याला झाकतं, छापणाऱ्याला नाही.

टिळकांना याची चव आधीही मिळाली होती. १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणात दुसऱ्यांनी पुरवलेली पत्रं खोटी निघाली आणि टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. आलेलं प्रत्येक पत्र खरं नसतं, हा धडा तेव्हापासूनचा.

कोऱ्या कागदाची बोली

पुन्हा १९७५. निधनवार्ता आली त्याच दिवशी दिल्लीच्या 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. काहीच न छापलेला तो चौकोन वाचकांनी बरोबर वाचला, आणि सेन्सॉरनेही. मोकळी जागा सोडायलाही मग बंदी आली. त्याच डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष म्हणून समोर असताना, जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना प्रार्थना करायला लावली. घोषणा नाही, शिवी नाही. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली ती मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयातून. आयुष्यभर ज्या जागी वाचत बसल्या तिथूनच.

कोऱ्या जागेची माझी सगळ्यात लाडकी गोष्ट मात्र दक्षिण कोरियाची आहे. १९७४ च्या ऑक्टोबरात 'दोंग-आ इल्बो' या दैनिकाच्या पत्रकारांनी जाहीर केलं, यापुढे सरकारी दडपण मानणार नाही. पार्क चुंग-ही यांच्या हुकूमशाही सरकारने पेपरला हात लावला नाही, जाहिरातदारांचे हात पिरगळले. डिसेंबरात एकेका कंपनीने जाहिराती काढून घेतल्या. २६ डिसेंबरला जाहिरातींची जागा पांढरीफटक ठेवून अंक निघाला.

मग वाचक आले. गल्ल्यावर पैसे ठेवायचे आणि म्हणायचे, ती जागा आम्हाला द्या. विद्यार्थी, गृहिणी, कामगार, बहुतेक जण नाव न देता. शिकलो ते आचरणात आणता आलं नाही याची लाज वाटते, म्हणून ही जाहिरात, असं कायदा शिकलेल्या काही जणांनी छापून घेतलं. एका मुलीने पेपरलाच दम भरला, तूही गुडघे टेकलेस तर मी खरंच देश सोडून जाईन. लोकशाहीसाठी लढणारे आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले किम दे-जुंग यांनीही 'एक नागरिक' म्हणून जाहिरात दिली. १९७५ च्या मेपर्यंत अशा दहा हजारांहून जास्त छोट्या जाहिराती आल्या. मालकांनी शेवटी हात टेकले, मार्चमध्ये शंभराहून जास्त पत्रकारांना बाहेर काढलं. ते पिवळे पडलेले अंक मात्र कोरियाने जपून ठेवले आहेत. एखाद्या देशाच्या मनाचा असा एक्स-रे दुसरा मी पाहिलेला नाही.

टीव्ही फिरायला निघाला

पोलंडमधलं श्विदनिक हे हेलिकॉप्टर कारखान्याचं गाव. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागू झाला आणि टीव्हीवर गणवेशातले निवेदक सरकारी बातम्या वाचू लागले. फेब्रुवारी १९८२ मध्ये गावकऱ्यांनी ठरवलं, साडेसातच्या बातम्या लागल्या की घराबाहेर पडायचं. रोज. काही जण टीव्ही खिडकीत उलटा, रस्त्याकडे तोंड करून ठेवत, म्हणजे बातम्या ऐकायला फक्त फुटपाथ उरावा. काहींनी संच हातगाडीत घालून फिरायला नेला. सरकारने संचारबंदीची वेळ अलीकडे ओढली. गाव पाच वाजताच्या बातम्यांना फिरू लागलं. हे लोण दुसऱ्या शहरांत पसरलं. बातम्या न बघणं हे मतदान होऊ शकतं, हे त्यांनी नुसत्या चपला घालून दाखवलं.

त्याच काळात पोलिश तरुण कोटाला रेडिओतला छोटासा रेझिस्टर टोचून हिंडत. पोलिशमध्ये त्याचं नाव 'ओपोर्निक', आणि 'ओपूर' म्हणजे प्रतिकार.

लेकी बोले सुने लागे

ही म्हण आपली, पण तिचं माहेर जगभर आहे. मार्च २०२२ मध्ये रशियात युक्रेनवरच्या हल्ल्याला 'युद्ध' म्हणणंही गोत्यात आणू लागलं. 'युद्ध नको' हे रशियनमध्ये दोन शब्द, एक तीन अक्षरांचा, दुसरा पाच. लोक फलकांवर आधी तीन आणि मग पाच फुल्या मारून उभे राहिले. पोलिसांनी उचललं. मग काही जण नुसता कोरा कागद धरून उभे राहिले. त्यांनाही उचललं. चोराच्या मनात चांदणं असतं ते असं.

त्युमेन शहरात एका बाईने पदपथावर ते दोन शब्द लिहिले, दुसऱ्याची मधली अक्षरं फुल्यांनी झाकून. कोर्टात तिने सांगितलं, मी 'वोब्ला नको' असं लिहिलं. वोब्ला ही तिथली एक सुकी खारवलेली मासळी, आणि ती मला अजिबात आवडत नाही. खालच्या कोर्टाने तिला सोडलं! वरच्या कोर्टाने पुढे तो निकाल रद्द केला आणि तिला दंड झाला, पण तोवर ती बिचारी मासळी देशभर शांततेचं चिन्ह होऊन बसली होती.

चीनमध्ये हा खेळ सर्वांत चिवट आहे. १९८९ च्या ४ जूनला बीजिंगमध्ये रणगाडे आले, ती तारीख लिहिता येत नाही. लोक लिहितात '३५ मे'. मोजा बोटांवर. २०१३ मध्ये रणगाड्यांसमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या जगप्रसिद्ध छायाचित्रात कुणीतरी रणगाड्यांच्या जागी पिवळी रबरी बदकं बसवली, आणि 'मोठं पिवळं बदक' हे शब्दच शोधातून गायब झाले. २०२२ मध्ये सतत टीका पुसली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी बातमीखाली फक्त 'छान छान छान छान' असं ओळीच्या ओळी लिहायला घेतलं. कौतुक कसं पुसणार?

मार्च २०२०. वूहानच्या डॉक्टर आय फेन यांची मुलाखत 'रेनवू' मासिकाने छापली. नव्या आजाराचा अहवाल सहकाऱ्यांना पाठवल्याबद्दल त्यांना वरिष्ठांकडून कशी समज मिळाली, हे त्यात होतं. काही तासांत ती काढून टाकली गेली. मग वाचक कामाला लागले. कुणी ती उलटी लिहिली, शेवटाकडून सुरुवातीकडे. कुणी मोर्समध्ये. कुणी इमोजीत, कुणी प्राचीन हाडांवरच्या लिपीत, कुणी कल्पित ग्रहवासीयांच्या भाषेत. यंत्राला वाचता येऊ नये आणि माणसाला आलं पाहिजे, एवढी एकच अट. एक मुलाखत वाचवायला हजारो अनोळखी लोकांनी रात्री जागवल्या. पोथ्या उतरून काढणाऱ्या आपल्या जुन्या लेखनिकांची मला आठवण झाली.

तो अहवाल वूहानमधल्याच एका नेत्रतज्ज्ञापर्यंत पोहोचला होता. डॉ. ली वेनलियांग. मित्रांना सावध करणारा निरोप पाठवला म्हणून ३ जानेवारी २०२० ला पोलिसांनी त्यांना बोलावून छापील कागदावर सही घेतली. अफवा पसरवणं थांबवणं जमेल का? त्यांनी हाताने लिहिलं, 'जमेल.' कारवाई होईल, समजलं? 'समजलं.' खाली लाल अंगठा. ७ फेब्रुवारीला त्याच साथीने ते गेले, वय ३४ सुद्धा पुरं नाही. त्या रात्रीपासून तो कागद चीनभर फिरला आणि लोकांनी त्याचं उत्तर मास्कवर लिहून फोटो काढले. जमणार नाही. समजलं नाही.

मार्चमध्ये पोलिसांनी ती समज मागे घेतली आणि कुटुंबाची माफी मागितली. डॉ. लींनी १ फेब्रुवारीला आपल्याला लागण झाल्याचा छोटासा मजकूर वेबोवर टाकला होता. तोच शेवटचा. त्याखाली लोक लिहू लागले ते थांबलेच नाहीत. दहा लाखांच्या पुढे गेले. आधी राग होता, मग रडणं, आणि मग रोजचं साधं बोलणं. परीक्षा जवळ आलीय. नोकरी गेली. इकडे फुलं आलीत, तिकडे पाऊस आहे का? काही जण रोज येतात आणि एवढंच लिहून जातात, डॉक्टर, शुभ रात्री.